सांदवाडीतली बोडी

नागपूरहून पवनीला जायचे तर उमरेड, भिवापूर हीच आमची जुनी वाट. पूर्वी आम्ही इतवारीहून नागभीडच्या छोट्या रेल्वेत बसत असू. गाडी हळू चाले, पोरे खिडकीत बसून गावे मोजत. ती गाडी २०१९ साली मोठ्या रुळांच्या कामासाठी बंद झाली, तेव्हापासून एसटीने जाणे सुरू झाले. उमरेड मागे पडले, मिरचीचे भिवापूर गेले की जमीन बदलू लागते. कपाशीची शेते संपतात, धानाच्या बांध्या लागतात आणि थोड्या थोड्या अंतरावर पाणी दिसू लागते. कुठे मोठा तलाव, कुठे शेताच्या डोक्याशी लहानशी बोडी. ही झाडीपट्टी. भंडारा जिल्ह्याला लोक तलावांचा जिल्हा म्हणतात, ते उगीच नव्हे.

पवनीजवळच्या एका खेड्यात आमच्या ताईचे सासर आहे. गेल्या वर्षी बुद्धपौर्णिमेच्या सुटीत आम्ही लेकरांसह तिथे गेलो, पुन्हा श्रावणात गेलो आणि माघात तिसऱ्यांदा गेलो. तिन्ही खेपांचे कारण एकच होते. भाऊजींनी घरामागच्या सांदवाडीत मासोळ्यांसाठी बोडी खोदायला घेतली होती. खोदणे सोपे होते. त्यावरून घरात जे भांडण झाले ते सोपे नव्हते, आणि ते आपल्या पुष्कळ घरांत होण्यासारखे आहे, म्हणून ही हकिकत सांगावीशी वाटली.

तलाव कोणाचा?

या भागातले मोठे तलाव जुने आहेत. कोहळी समाजाच्या माणसांनी ते बांधले, असा त्यांचा लौकिक आहे. डोंगराच्या उताराला मातीची पाळ घालून पावसाचे पाणी अडवायचे आणि खालच्या बांध्यांना सोडायचे, ही विद्या त्यांना चांगली अवगत होती. पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात गेले. जुन्या मध्य प्रदेशात १९५१ साली मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले. म्हणून आजही कागदोपत्री त्यांना माजी मालगुजारी तलाव आणि बोलण्यात ‘मामा तलाव’ म्हणतात.

तलाव बांधताना माती वाहणाऱ्या हातांत आपल्या लोकांचेही हात होते. पण पाणी भरल्यावर ते हात दूर ठेवले गेले. ताईच्या सासूबाईंना सारी वस्ती ‘आजी’ म्हणते. वय पंच्याऐंशीच्या पुढे. त्या सांगतात की त्यांच्या लहानपणी तलावाला आपल्या वस्तीचा घाट वेगळा होता, सगळ्यांत खालच्या अंगाला, जिथे गुरे उतरत. त्यांच्या सासऱ्यांनी एकदा पाळीवरून वाहून आलेल्या दोन मासोळ्या उचलल्या. तलावातल्या नव्हे, पाळीबाहेरच्या. तेवढ्यावरून मालगुजाराच्या माणसांनी त्यांना चावडीसमोर मारले. त्या मासोळ्या परत पाण्यातही टाकल्या नाहीत. आपल्या माणसाचा हात लागला म्हणून कुत्र्याला घातल्या.

हे ऐकताना कोणाला महाड आठवणार नाही? १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव झाला, महाडच्या नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव १९२४ साली केला, तरी चवदार तळ्याला आपला हात लागायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. परमपूज्य बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले आणि त्यानंतर सनातन्यांनी तळ्यात शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून ते ‘शुद्ध’ केले. न्यायालयात निकाल लागायला १९३७ साल उजाडले. गुराढोरांनी प्यावे, माणसाने पिऊ नये, असे पाणी या देशात गावोगाव होते.

भंडाऱ्याचा आणि बाबासाहेबांचाही जवळचा संबंध आहे. १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक त्यांनी इथूनच लढवली आणि ते हरले. पुढे दोनच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, याच भागातले लोक भाकरी बांधून नागपूरला दीक्षाभूमीवर गेले. आजींचे यजमान त्यांत होते. परत आल्यावर त्यांनी घरातले देव नदीला दिले आणि दोन उन्हाळे खपून आपल्या आवारात विहीर खोदली. गावच्या विहिरीवर पाणी वाढतील म्हणून ताटकळत उभे राहायचे नाही, असा त्यांचा निश्चय होता. विहिरीला पाणी लागले त्या दिवशी त्यांनी वस्तीतल्या प्रत्येक घरी एकेक घागर स्वतः पोचवली, असे आजी आजही सांगतात. ती विहीर अजून आहे. बोडी तिच्यापासून चाळीस पावलांवर आहे.

खड्डा खोदताना

सांदवाडीच्या कोपऱ्यात जुना खड्डा होता. घर बांधताना तिथली माती काढली होती. पावसाळ्यात त्यात डबके साचे, डास होत. भाऊजी म्हणाले, “बुजवायले पैसे लागतात, खोदायले हात लागतात. खोदूनच टाकू.” ठरले ते तीस फूट लांब, अठरा फूट रुंद. म्हणजे साधारण अर्धा गुंठा.

आधी माती पाहिली. या भागात मातीची जुनी नावे आहेत, काळी चिकण ती कन्हार, मिसळीची ती मोरांड. ओल्या मातीचा चेंडूएवढा गोळा करून वर फेकायचा आणि झेलायचा. फुटला नाही तर माती पाणी धरते. आमचा गोळा फुटला नाही. दुसरी परीक्षा म्हणून कमरेइतका लहान खड्डा करून संध्याकाळी भरला. सकाळी पाणी वीतभर उतरले होते, पुन्हा भरल्यावर मात्र फारसे उतरले नाही. जिथे मुरूम असेल तिथे हा नाद करू नये. सारे पाणी जमिनीत जाईल, नाहीतर प्लास्टिकचा कागद अंथरण्याचा खर्च येईल.

कुदळ, पावडे, सब्बल, घमेले घेऊन आम्ही पहाटे साडेपाचला लागत असू आणि नऊला थांबत असू. मे महिन्यातले ऊन कोणाची गय करत नाही. एका टोकाला खोली तीन फूट आणि दुसऱ्या टोकाला पाच फूट ठेवली. खोल टोक उन्हाळ्यात मासोळ्यांना गार पाणी देते, उथळ टोकाला खाद्य टाकता येते. बाजू सरळ उभ्या कापल्या नाहीत. उभी बाजू पहिल्या पावसात ढासळते, आणि पोर घसरले तर त्याला वर येता येत नाही. म्हणून फूटभर खोलीला दीड फूट असा उतार दिला. निघालेली माती चारी बाजूंनी पाळ म्हणून चोपली. गावाकडच्या बाजूला, शेतातले खत-औषधाचे पाणी वाहून येते तिथे, पाळ एक हात जास्त उंच केली. कीटकनाशकाचे पाणी एकदा आत शिरले तर सारे श्रम वाया. जादा पाणी जायला एका कोपऱ्यात पाइप घातला आणि त्याच्या तोंडाला बारीक जाळी बांधली.

शेवटी तळाला पाणी शिंपडून चिखल केला आणि घरातल्या सगळ्यांनी तो तुडवला. रोवणीआधी बांधीत चिखलणी करतात ना, तसाच. आमची नागपूरची पोरे, ज्यांना चपलेला माती लागलेली चालत नाही, ती त्या दिवशी केसापर्यंत माखली होती. तुडवलेला चिखल वाळला की तळ घट्ट बसतो, पाणी धरतो. मग तो तळ भेगा पडेपर्यंत उन्हात तापू दिला.

यालाही कारण होते. जुन्या डबक्यात मरळ असायची. मरळ चिखलात तग धरते आणि नवी बोटुकली गिळून टाकते. गावातल्या एकाने सल्ला दिला की मोहाच्या बियांची ढेप टाका. ही ढेप गुंठ्याला पंचवीस किलोच्या हिशेबाने पाण्यात घातली तर आतले सारे मासे मरतात, दोन-तीन आठवड्यांत विष उतरते आणि पुढे तिचे खत होते. पद्धत माहितीतली आहे, मासेवालेही ती वापरतात. पण आजी ओट्यावरून म्हणाल्या, “इख टाकून सुरुवात करता का जी?” भाऊजी गप्प बसले. ढेप आणली नाही. जे काम विष करणार होते ते उन्हाने केले.

आजींचा प्रश्न

आजींचे म्हणणे तेवढ्यावर थांबले नाही. त्या वर्षावासात अष्टशील घेतात, रोज सकाळी विहारात वंदनेला जातात. त्यांनी सरळ विचारले, “पहिलं शील रोज म्हणता. आन् मारायसाठी जीव पाळता?”

ताईने उत्तर दिले, तेही सरळ होते. थोरल्या सुनेच्या अंगात रक्त कमी, दवाखान्यातून गोळ्या येतात. दोन नातवंडे वाढत्या वयाची. डाळ महाग झाली की ताटातून डाळच आधी जाते. शंभर ग्रॅम रोहूमध्ये सोळा-सतरा ग्रॅम प्रथिने असतात. बाजारातली मासोळी आठवड्याला परवडत नाही, आणि बाजारातली आणली तरी ती कोणीतरी मारलेलीच असते. “दुसऱ्यानं मारलं तर शील टिकते का?” असे ताईने विचारले, तेव्हा आजींनी उत्तर दिले नाही. त्या उठून आत गेल्या.

आम्ही मध्ये पडलो नाही. दोघींचे म्हणणे आम्हाला पटत होते, आणि दोन्ही पटणे हीच अडचण होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोरांना घेऊन पवनी पाहायला गेलो. वैनगंगेच्या काठचे हे गाव अडीच हजार वर्षांचे जुने. कोटाची मातीची उंच रेघ, खंदक, मोठा दरवाजा, आणि गावाजवळ जगन्नाथ टेकडी. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने इथे उत्खनन केले तेव्हा टेकडीच्या पोटातून बौद्ध स्तूप निघाला. कोरीव खांब निघाले, त्यांत एकावर मुचलिंद नागाचे शिल्प आहे आणि त्याचे नावही कोरले आहे. हा मुचलिंद तळ्यात राहणारा. भगवंतांवर सात दिवस पाऊस कोसळला तेव्हा त्याने फणा धरला, ही कथा आपण लेकरांना सांगतोच. इथल्या कारागिराने ती दगडात सांगितली. म्हणजे ज्या मातीत आपल्याला पाळीबाहेरची मासोळीही उचलू दिली गेली नाही, त्या मातीच्या पोटात आधीपासून बुद्ध होता.

याच भागातली आणखी एक गोष्ट. पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात देवटेक नावाचे गाव आहे. तिथे सापडलेल्या शिळेवर प्राण्यांना पकडण्याची आणि मारण्याची मनाई कोरलेली आहे. डॉ. वा. वि. मिराशी यांनी तिचा संबंध अशोकाच्या काळातल्या धर्ममहामात्राशी जोडला. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात तर मासोळीचे नावच येते. पौर्णिमा आणि उपोसथाच्या ठरावीक दिवशी मासे मारू नयेत, विकू नयेत, असा तो आदेश आहे. सम्राटाने मासेमारी सगळीच बंद केली नाही. लोकांचे पोट त्याला ठाऊक होते. पण वर्षातले काही दिवस त्याने मासोळीच्या नावाने राखून ठेवले.

आम्ही घरी आल्यावर हे आजींना सांगितले. त्या ऐकत होत्या. म्हणाल्या, “राजाले समजलं, तुमाले समजन तवा खरं.”

श्रावणातले पाणी

श्रावणात गेलो तेव्हा बोडी भरली होती. पावसाचे पाणी, कौलावरचे पन्हाळीतून आणलेले पाणी आणि थोडे विहिरीचे. भाऊजींनी त्याआधी वाळलेल्या तळावर सव्वा किलो चुना भुरभुरला होता. चुन्याने मातीचा आंबटपणा जातो, रोगजंतू मरतात. मग आठवड्याने वीसेक किलो ओले शेण कोपऱ्यांत टाकले. शेणामुळे पाण्यात बारीक हिरवे शेवाळ आणि डोळ्याला न दिसणारे किडे तयार होतात. तेच मासोळीचे पहिले अन्न. पाणी फिकट हिरवे झाले की बोटुकली सोडायची.

बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्ले. ती आणून दिली शेजारच्या गावच्या ढिवर बांधवाने. तलावांतली मासेमारी त्यांच्या संस्थांकडे ठेक्याने असते, त्यावरच त्यांची घरे चालतात. त्याने पैसे घेतले ते बोटुकलीचे. शिकवण्याचे घेतले नाहीत. त्याने सांगितलेला हिशेब असा. गुंठ्याला पन्नास ते साठ बोटुकली पुरेत, लोभाने शंभर टाकाल तर सगळीच खुरटतील. म्हणून आमच्या अर्ध्या गुंठ्याला तीस: बारा कटला, नऊ रोहू, नऊ मृगळ. कटला पाण्याच्या वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. थाई मागूर मात्र फुकट दिला तरी घेऊ नका, असे त्याने बजावले. तो बाकीचे सारे खाऊन टाकतो, आणि त्याच्या पालनावर सरकारने २००० सालीच बंदी घातली आहे.

प्राणवायू भरलेली प्लास्टिकची पिशवी आल्याबरोबर फोडायची नाही. ती पंधरा-वीस मिनिटे तशीच बोडीवर तरंगत ठेवायची, आतले-बाहेरचे पाणी सारखे थंड होऊ द्यायचे, मग तोंड उघडून पिल्लांना आपल्या पायांनी, म्हणजे आपल्या परांनी, बाहेर येऊ द्यायचे. ती वीस मिनिटे आमची सगळी पोरे पाळीवर उकिडवी बसून होती. घरात एवढी शांतता आम्ही कधी ऐकली नव्हती.

खाद्य साधे. धानाचा कोंडा आणि शेंगदाण्याची ढेप सारख्या वजनाने, ढेप रात्री भिजत घालायची, सकाळी एकाच जागी टाकायची. पहिल्या महिन्यात मूठभर, पुढे मासोळ्यांच्या एकूण वजनाच्या शेकडा दोन-तीन. उरले तर दुसऱ्या दिवशी कमी. उरलेले खाद्य सडते आणि पाणी बिघडवते.

पाणी बिघडले की काय होते ते भाऊजींच्या घरी भाद्रपदात कळले. भाच्याला वाटले, शेणाने मासोळी वाढते तर जास्त शेणाने जास्त वाढेल. त्याने एकदम चार टोपली टाकली. मग तीन दिवस आभाळ भरून राहिले, ऊन नाही. चौथ्या पहाटे मासोळ्या पाण्यावर तोंड काढून हवा गिळू लागल्या. रात्री शेवाळही प्राणवायू खाते, पहाटे तो सगळ्यांत कमी उरतो. दिवस उजाडेपर्यंत सात मासोळ्या मेल्या, त्यांत पाच कटला. बाकीच्या वाचल्या त्या घरच्यांनी दोन तास बादल्यांनी पाणी उचलून उंचावरून ओतले आणि विहिरीचे ताजे पाणी सोडले म्हणून.

त्या घरी त्या दिवशी जेवण झाले नाही. भाचा रडत होता. आजींनी त्याला जवळ घेतले आणि मेलेल्या मासोळ्या केळीच्या बुडाशी पुरायला लावल्या. त्या दिवसापासून आजींनी एक काम आपल्याकडे घेतले. रोज सकाळी वंदना करून आल्यावर त्या बाही वर करून हात पाण्यात बुडवतात. हात कोपरापर्यंत जाईतो तळवा दिसेनासा झाला तर पाणी बरोबर. मनगटाशीच दिसेनासा झाला तर शेण बंद. कोपर बुडूनही बोटे स्वच्छ दिसली तर थोडे शेण. ज्या बाईने बोडीला विरोध केला तीच तिची राखण करू लागली. “मारणं तुमचं, जगवणं माझं,” असे त्यांनी स्पष्ट सांगून टाकले.

आम्ही श्रावणात होतो तेव्हा विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. त्यात अहिंसेचा भाग आला. बाबासाहेबांनी तिथे मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे, आणि अहिंसा हा डोळे मिटून पाळायचा नियम नसून तत्त्व आहे, विचार करून वागण्याची ती जबाबदारी आहे, असे मांडले आहे. वाचन संपल्यावर ताईने सासूकडे पाहिले. आजी म्हणाल्या, “गरज म्हणून सूट नायी भेटत, बाई. गरज किती, ते रोज मोजा लागते.”

आम्हाला वाटते, हे त्या ग्रंथाचे चांगले वाचन झाले.

शेवटी घरात चार गोष्टी ठरल्या. पाण्यात विष घालायचे नाही. पौर्णिमा, अमावास्या आणि दोन्ही अष्टम्यांना जाळे काढायचे नाही. जेवढी त्या दिवशी शिजेल तेवढीच काढायची आणि काढल्यावर तडफडत ठेवायची नाही. आणि पहिली मासोळी विकायची नाही.

माघातला दिवस

माघ पौर्णिमेला आम्ही मुद्दाम गेलो. पण ठरल्याप्रमाणे त्या दिवशी जाळे निघाले नाही. नागपूरहून आशेने आलेली आमची पोरे हिरमुसली. आजींनी त्यांना पाळीवर फिरवले. पाळीवर पपई, शेवगा, केळी आणि आळू लागला होता. बोडीचे हिरवे पाणी वांग्यांना जात होते आणि वांगी अशी चकाकत होती की खताची गोष्ट कोणाला विचारावीच लागू नये. वरून आडव्या-तिडव्या दोऱ्या बांधल्या होत्या, खंड्या आणि बगळा सूर मारू नये म्हणून. चारी बाजूंनी छातीएवढे बांबूचे कुंपण होते आणि फाटकाला कडी वर, लहान पोराचा हात पोचणार नाही अशी. हे कुंपण भाऊजींनी पाणी भरण्याआधी केले होते. बोडी करणाऱ्या प्रत्येकाने आधी कुंपण करावे, मग पाणी भरावे. पाच फूट पाणी मोठ्या माणसाला गंमत वाटते. रांगत्या लेकराला एक फूटही पुरते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी पांढरे लुगडे नेसून विहारात गेल्या. त्यांनी कोणाला अडवले नाही, पण त्या थांबल्याही नाहीत. ढिवर बांधव आपले जाळे घेऊन आला. तीसपैकी सात भाद्रपदात गेल्या होत्या, काही पक्ष्यांनी नेल्या असतील. त्या दिवशी सहाच काढल्या. अर्ध्या अर्ध्या किलोच्या आसपास भरल्या. बाकीच्या पुन्हा पाण्यात.

दोन घरात ठेवल्या, एक ढिवर बांधवाला, दोन वस्तीतल्या अशा घरी जिथे बाळंतीण होती आणि जिथे म्हातारे एकटे राहतात. सहावी मासोळी भाऊजींनी पिशवीत घातली आणि गावच्या वरच्या गल्लीत नेली. त्या घरच्या मुलाबरोबर भाचा शाळेत जातो. आम्ही सोबत होतो. घरची बाई दारात आली, पिशवी पाहिली, क्षणभर घुटमळली. मग हात पुढे करून पिशवी घेतली आणि “बसा ना जी” म्हणाली. आम्ही बसलो, चहा प्यालो. कप आमच्याकडून धुऊन घेतले नाहीत. एवढीच गोष्ट. याला क्रांती म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तीन पिढ्यांपूर्वी याच गावात दोन मासोळ्यांसाठी मार बसला होता, हे आम्हाला ठाऊक होते, आणि बहुधा त्या बाईलाही ठाऊक असावे.

दुपारी कालवण झाले. सुनेने दोनदा घेतले. आजी विहारातून परतल्या, वरण-भात आणि पाळीवरच्या वांग्याची भाजी जेवल्या. मासोळी त्यांनी खाल्ली नाही, खाणाऱ्यांना काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा त्या पाण्यात हात बुडवून पाहत होत्या.

आपल्यासाठी

वाचक बंधुभगिनींनो, ज्यांच्याकडे गावी सांदवाडी आहे त्यांनी हा विचार जरूर करावा. माती पाहा, कुंपण करा, शेणाचा लोभ टाळा, पिल्ले मोजून सोडा. मोठे तळे करायचे असेल तर मत्स्यव्यवसाय खात्यात चौकशी करावी. २०२० साली आलेल्या मत्स्यसंपदा योजनेत अनुसूचित जातींना आणि महिलांना खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत मदतीची तरतूद केली होती. असल्या तरतुदी विचारल्याशिवाय कोणी घरी आणून देत नाही.

आणि आमच्यासारखे जे शहरात दोन खोल्यांत राहतात, त्यांनीही निराश होऊ नये. आम्ही घरी आलो ते गप्पी मासे घेऊन. पुष्कळ ठिकाणी हिवताप विभाग ते देतो. वापरायच्या पाण्याच्या टाक्यात आठ-दहा सोडले. डासांची अंडी फुटून निघालेल्या अळ्या ते खातात. आमच्या गल्लीत दरवर्षी पावसाळ्यात कोणी ना कोणी डेंग्यूने आजारी पडते, म्हणून आता शेजारीही गप्पी मागायला येतात. आम्ही वाटीत घालून देतो.

पाणी देताना मागणाऱ्याची जात विचारायची नाही, हे आजींच्या यजमानांनी विहिरीच्या पहिल्या घागरीबरोबर घालून दिले होते. बाकी सारे आपण शिकत शिकत करू.

जयभीम!